लिंकनचं लाकडी कोर्ट

आज अमेरिकेतल्या मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या ग्रीनफिल्ड व्हिलेजमध्ये, म्हणजे जुन्या इमारती आणून वसवलेल्या खुल्या संग्रहालयात, बराच वेळ एकाच इमारतीत रेंगाळले. लोगन काउंटीचं (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) जुनं न्यायालय. दुमजली, साधं, पूर्ण लाकडी. बाहेरून एखादं घरच वाटावं.

हे मूळचं इलिनॉयमधल्या पोस्टव्हिलचं, १८४० साली बांधलेलं. त्या काळी न्यायाधीश आणि वकील घोड्यावरून गावोगाव फिरून खटले चालवायचे. त्यांच्यातलाच एक होता तरुण अब्राहम लिंकन. जमिनीचे वाद, उधारीची भांडणं अशी कामं तो इथे लढवायचा. राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी आधीचा लिंकन! मला तर स्मारकातल्या संगमरवरी लिंकनपेक्षा हा फार जवळचा वाटला.

काही वर्षांतच काउंटीचं मुख्य ठिकाण माउंट पुलास्कीला हललं आणि कोर्ट उठलं. मग त्याच भिंतींत कधी दुकान, कधी पोस्ट, कधी तुरुंग, आणि शेवटी कुणाचं तरी राहतं घर. १९२९ मध्ये मोटारवाल्या हेन्री फोर्डने ही इमारत विकत घेतली, सुटी केली आणि इथे आणून पुन्हा उभी केली. लिंकनला गोळी लागली तेव्हा तो ज्या खुर्चीत बसला होता, तीही बरीच वर्षं याच इमारतीत ठेवलेली होती. आता ती शेजारच्या संग्रहालयात आहे.

वास्तू वाचली याचा आनंद आहेच. पण गावाची वस्तू गावातून गेली, हे मनाला लागतंच. तिथल्या लोकांनी १९५३ मध्ये मूळ जागी हुबेहूब प्रतिकृती बांधली, ते मला मनापासून आवडलं. कुणी तिथे गेलं असेल तर फोटो नक्की टाका.