जेटेबलमध्ये कंट्रोल न धरता ओढून ओळी निवडणे

जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत जेटेबल हा तक्ता दाखवणारा घटक आहे. त्यात माउस दाबून खाली ओढला की आधीची निवड पुसली जाते आणि नव्या सलग ओळी निवडल्या जातात. कंट्रोल (मॅकवर कमांड) धरून ओढलं तर जुनी निवड टिकते. लांबलचक याद्यांना हीच दुसरी वागणूक हवी असते, तीही कुठली कळ न धरता.

ओढताना टेबलचा यूआय (माउस आणि कळा हाताळणारा त्याचा भाग) दर हालचालीला चेंजसिलेक्शन ही मेथड बोलावतो. तिचे शेवटचे दोन पॅरामीटर टॉगल (निवड उलटवायची का) आणि एक्स्टेंड (निवड सुरुवातीच्या ओळीपासून इथवर वाढवायची का). ओढताना एक्स्टेंड कायम ट्रू असतो, टॉगल मात्र कंट्रोलवर ठरतो. मग सबक्लासमध्ये टॉगल सरसकट ट्रू करावा? नको. बाणांच्या कळाही याच मेथडमधून जातात, आणि नुसतं खाली-वर केलं तरी ओळी उलटसुलट होतात.

यावर इव्हेंटक्यूचा (इव्हेंटच्या रांगेचा) गेटकरंटइव्हेंट, म्हणजे सध्या हाताळला जाणारा इव्हेंट, तपासायचा, तो माउसइव्हेंट असेल तरच टॉगल ट्रू, हा उपाय सुचतो. दहा ओळींच्या टेबलवर तो चोख चालतो. माउस स्क्रोलपेनच्या (टेबलभोवतीच्या सरकत्या चौकटीच्या) बाहेर गेला की मात्र ऑटोस्क्रोल सुरू होतो: १०० मिलिसेकंदांचा टायमर ओढण्याचे कृत्रिम इव्हेंट पाठवत राहतो. त्या वेळी चालू इव्हेंट टायमरचा असतो, माउसचा नव्हे. टॉगल फॉल्सच राहतो आणि आधीची निवड क्षणात साफ!

त्यापेक्षा सबक्लासमध्ये साधा बुलियन (ट्रू-फॉल्स व्हेरिएबल) बरा. प्रोसेसमाउसइव्हेंट ओव्हरराइड करा. डावं बटण दाबल्यावर सुपरच्या (मूळ क्लासच्या मेथडच्या) आधी तो ट्रू, सोडल्यावर सुपरच्या नंतर फॉल्स. चेंजसिलेक्शनमध्ये तो ट्रू असेल तरच टॉगल ट्रू पाठवा. वेगळा माउसमोशनलिसनर (माउसच्या हालचाली ऐकणारा कोड) लावून इव्हेंट कन्झ्यूम करण्याच्या, म्हणजे तो इतरांनी हाताळू नये अशी खूण करण्याच्या, फंदात पडू नका. यूआयचा लिसनर कन्स्ट्रक्टरमध्येच जोडलेला असतो, त्यामुळे तो आपल्या आधी चालतो.

एक खोड उरते. चुकून जास्त खाली ओढून परत वर आलं तरी जादा ओळी निवडलेल्याच राहतात, कारण न निवडलेल्या ओळीपासून ओढलं की या वाटेने निवडीत फक्त भर पडते. ते खटकत असेल तर दाबल्यावर सुपरनंतर गेटसिलेक्टेडरोजची प्रत आणि दाबलेली ओळ जपून ठेवा, आणि दर हालचालीला प्रतीपासून निवड नव्याने बांधा. ओळ स्वतःच लक्षात ठेवावी लागते, कारण निवड बांधणारी अ‍ॅडरोसिलेक्शनइंटरव्हल ही मेथड अँकर (निवडीची सुरुवातीची ओळ) हलवते.

सेटड्रॅगएनेबल्ड ट्रू असेल तर ओढणं म्हणजे डेटा उचलणं, तेव्हा आधी ते बंद करा. आणि निवड बदलल्यावर डेटाबेसकडे जाणारा लिसनर असेल, तर गेटव्हॅल्यूइजअ‍ॅडजस्टिंग (निवड अजून बदलते आहे का) ट्रू असेपर्यंत त्याला परत फिरवा. नाहीतर एका ओढीत डझनभर क्वेऱ्या सुटतात.