फ्रेंडशिप पीक आणि मी लपवलेली डोकेदुखी

आपल्या नाशिकच्या ट्रेकर लोकांना थोडा माज असतो, मला तर भरपूर होता. ब्रह्मगिरी, अंजनेरी, हरिहरच्या त्या खड्या पायऱ्या, साल्हेर, सगळं झालेलं, कळसूबाई किती वेळा ते तर मोजणंच सोडलेलं. त्यामुळे बंट्याने ग्रुपवर टाकलं की जूनमध्ये मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक करूया, उंची ५२८९ मीटर, वर ग्लेशियर आहे, दोरी बांधून जावं लागतं, तर पहिला "मी आहे" माझाच. बंट्याने उत्तरकाशीच्या निममधून (नेहरू इन्स्टिट्यूट ऑफ माउंटेनियरिंग) बेसिक कोर्स केलाय त्यामुळे बर्फातलं खरं त्या एकालाच कळत होतं, बाकी आम्ही पाच जण म्हणजे मी, मामा, ताई, तिचे मिस्टर म्हणजे आमचे भाऊजी, आणि डॉक्टर (दाताचा आहे, पण डोंगरावर सगळे त्यालाच सगळं विचारतात).

चार महिने तयारी केली. पहाटे साडेपाचला पांडवलेणीच्या पायऱ्या, सॅकमध्ये पाच-पाच लिटरचे दोन कॅन भरून. मामा बावन्न वर्षांचा, एका गुडघ्याला नी-कॅप, सगळ्यात मागे असायचा, आणि वर पोचला की कॅनमधलं पाणी झाडांना ओतून रिकामी सॅक घेऊन उतरायचा. म्हणायचा, उतरताना गुडघ्यावर लोड कशाला. मी मात्र दहाचे दहा किलो घेऊन खालीसुद्धा पळत यायचो आणि वर त्याला चिडवायचो की मामा, हे चीटिंग आहे. तेव्हा सगळ्यांना काळजी मामाचीच होती, मी उघड बोलूनही दाखवलेलं की ह्याला जमणार नाही, आता ते आठवलं की लाज वाटते.

नाशिकरोडवरून रात्रीची पंजाब मेल, दिल्लीत उतरून रात्रभराची व्होल्वो, मनाली. प्रवासाबद्दल काही लिहीत नाही, सगळ्यांचा सारखाच असतो. मनालीत बूट, क्रॅम्पॉन, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा, दोरी त्यालाच अडकवतात), आइस ॲक्स म्हणजे बर्फातली कुऱ्हाड, सगळं भाड्याने घेतलं. ते डबल बूट म्हणजे प्लास्टिकच्या बुटात आत एक मऊ बूट, घोटा वाकतच नाही, पहिल्या दिवशी आपण चालतोय की रोबोट तेच कळेना. सोलांगच्या पुढे धुंदीपर्यंत गाडी, मग चालत बकरथाच. ३३०० मीटर, म्हणजे दोन कळसूबाई एकावर एक ठेवल्या तर जेवढं होईल तेवढं, आणि तिथे तर आपण नुसता तंबू ठोकून चहा पितोय! मला वाटलं हे तर सोपंय.

दुसऱ्या दिवशी वर जाऊन बर्फात ट्रेनिंग झालं. आमचा लोकल लीडर, आम्ही त्याला भाईजीच म्हणायचो, तो आधी चालायलाच शिकवतो. क्रॅम्पॉन म्हणजे बुटाखाली बांधायचे लोखंडी दात, पाय थोडे फाकवूनच चालायचं नाहीतर एका पायाचे दात दुसऱ्या पायाच्या गेटरमध्ये (बुटावरून पोटरीपर्यंत बांधायचं कापड) अडकून तोंडावर पडतो, मी दोनदा पडलो. घसरलो तर ॲक्स छातीखाली दाबून पालथं व्हायचं आणि गुडघे टेकवून पाय वर उचलायचे, कारण त्या वेगात दात बर्फात रुतले की माणूस उलटा फेकला जातो. आणि दोरी. दोरीवर पाय द्यायचा नाही, दातांनी ती कापली जाऊ शकते. दोरी एकदम ताणायची नाही, लोळूही द्यायची नाही. ग्लेशियरवर वरून सपाट बर्फ दिसतो पण खाली भेग असू शकते, त्यात एक जण गेला तर बाकीच्यांनी ॲक्स रोवून त्याला धरायचं. म्हणून सगळे एका दोरीत.

भाईजी मला दिवसभर एकच सांगत होता, "भैया, धीरे." सह्याद्रीत आपल्याला दम लागेपर्यंत चढायचं आणि मग दगडावर बसून काकडी खायची अशी सवय, तिथे ते चालत नाही. एक पाऊल, पूर्ण थांबा, श्वास, दुसरं पाऊल. मामा जन्मापासून तसाच चालतो.

लेडी लेग कॅम्प ३९०० मीटरच्या आसपास. तिथे पोचताना मी सगळ्यांच्या पुढे पळालो (हो, तरीही), आणि संध्याकाळी डोक्यात मागच्या बाजूला ठोके सुरू झाले. खिचडीचा वास नको झाला. डॉक्टरने बोटाला ऑक्सिमीटर लावला, ७९. बाकी सगळे ८५ च्या वर. मी म्हटलं अरे बोट गार पडलंय, आणि ते पँटवर घासून घासून परत लावलं, ८३ आलं, मग म्हटलं बघ. डोकं दुखतंय का? नाही. उलटीसारखं वाटतंय का? नाही रे. मुकाट्याने एक क्रोसिन घेतली आणि स्लीपिंग बॅगमध्ये घुसलो. खोटं का बोललो तर, चार महिने आपण मामाची काळजी करणार आणि डोकं आपलं दुखणार, हे तोंडातून निघेच ना.

रात्री साडेबाराला निघालो. बर्फ कडक असतो तोवर चढायचं आणि ऊन्हाने तो भुसभुशीत व्हायच्या आत परतायचं, म्हणून ही वेळ. मामाने पाण्याच्या बाटल्या सॅकमध्ये उलट्या ठेवल्या होत्या, पाणी वरून गोठतं म्हणून, म्हणजे तोंड मोकळं राहतं. माझ्याकडे ऑनलाइन मागवलेली पाण्याची पिशवी आणि तिची नळी. पहिल्या तासात नळी गोठून काडी झाली, मग सकाळपर्यंत मी मामाचंच पाणी पीत होतो.

एका दोरीत भाईजी, मी, मामा, ताई. दुसरीत दुसरा गाईड, बंट्या, डॉक्टर, भाऊजी. अंधारात हेडटॉर्चचा एक गोल, त्यात पुढच्याचे बूट आणि ती दोरी, बाकी काही नाही. तास-दोन तास ठीक गेले. नंतर मी दोरीवर पाय दिला. मागून मामा म्हणाला, "दोरी." परत दिला. "अरे दोरी!" तिसऱ्या वेळी भाईजी थांबला, माझ्या तोंडावर टॉर्च मारला आणि म्हणाला, सरळ रेषेत चालून दाखव, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून. उंचीचा त्रास डोक्यापर्यंत गेला की तोल जातो, ते बघायला. त्याने माझे क्रॅम्पॉन काढायला लावले, एक सपाट जागा बघून बूट आपटून वाट केली. मी तीन पावलं चाललो आणि चौथ्याला शेजारी बर्फात बसलो. मला स्वतःला वाटत होतं मी सरळच चालतोय!

घड्याळात उंची ४९५० दिसत होती, पूर्वेला उजाडायला लागलेलं. भाईजी म्हणाला हा खाली जाणार, आत्ता, मी घेऊन जातो. पण तो आणि मी दोघंच एका दोरीत उतरू शकत नव्हतो, भेगांच्या भागात एक गेला तर दुसऱ्या एकट्याने धरायचा, आणि त्यातला एक मी, ज्याला धड उभं राहता येत नव्हतं. म्हणजे अजून कोणीतरी परत फिरायला हवं. कोणीच बोलेना. भाऊजी बुटांकडे बघतायत, बंट्या उगाच हार्नेसची गाठ चेक करतोय, मी तर कोणाच्याच तोंडाकडे बघू शकत नव्हतो.

मामाने ताईचा कॅराबिनर म्हणजे दोरीत अडकवायची कडी आमच्या दोरीतून सोडवली, तिला दुसऱ्या दोरीकडे पाठवली आणि म्हणाला, "चला, मी ह्याच दोरीत आहे."

एवढंच. भाषण नाही, तोंड वाकडं नाही. उतरताना तो सगळ्यात पुढे, मी मध्ये, भाईजी मागे दोरी धरून. ऊन आल्यावर समोर हनुमान टिब्बा हा डोंगर सोन्यासारखा दिसत होता म्हणे, मी बघितला नाही, मी मामाच्या टाचा बघत होतो. लेडी लेगला त्याने माझे बूट ओढून काढले, गरम पाणी पाजलं आणि मला उठवून तसाच खाली बकरथाचला घेऊन आला.

बाकीचे पाच जण साडेआठला टॉपवर पोचले. ताईने वॉकीवर सांगितलं तेव्हा मामाने जोरात शिट्टी मारली, आणि मग बराच वेळ तो बुटाची नाडी सोडत बसला होता.

दुपारी चारपर्यंत माझं डोकं पूर्ण थांबलं, जसं काही झालंच नव्हतं, आणि अशी भूक लागली की मी राजमा-चावलच्या तीन ताटल्या मारल्या. चौथी वाढून घेत होतो तेव्हा वरची मंडळी खाली आली, चेहरे उन्हाने काळेठिक्कर, ओठ फुटलेले, आणि सगळ्यांनी आधी माझ्याकडे, मग ताटलीकडे बघितलं. मामा म्हणाला, "पुढच्या वेळी खोटं बोलायचं असेल तर कळसूबाईला बोल, तिथून घोटीची जीप तरी मिळते."