नागपूरच्या काळ्या मातीत चिडाचे झाड

फाटकाजवळचे खांद्याएवढे झाड पाहून येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, "हे पाइन ना? आमच्याकडे जगेल का?" तुम्हीही विचारलेत म्हणून सविस्तर लिहितो.

रोपवाटिकेत 'ख्रिसमस ट्री' या नावाने मिळते ते बहुधा दक्षिण पॅसिफिकमधल्या बेटांवरून आलेले ॲरोकेरिया असते, खरे पाइन नव्हे. रस्त्याकडेचा सुरू तर पाइनच्या कुळातलाही नव्हे, चक्क फुले येणाऱ्या झाडांतला. त्याच्या ज्यांना आपण सुया म्हणतो त्या बारीक हिरव्या डहाळ्या असतात. खऱ्या पाइनच्या सुया झुबक्याने येतात. भारतातले देशी पाइन हिमालयात आणि ईशान्येकडच्या डोंगरांत वाढतात, आणि त्यांपैकी उष्णता बऱ्यापैकी सोसणारे झाड म्हणजे तीन-तीन सुयांच्या झुबक्यांचे चीड. (मराठीत या शब्दाचा दुसरा अर्थ आहे, पहिले रोप मेले तेव्हा तोही अनुभवला.)

ते रोप उन्हाने मेले असे सगळ्यांना वाटते, पण नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, त्याने हिरव्या जाळीखाली निभावून नेला होता. जुलैत झड लागली, काळी माती फुगली, आळ्यात पाणी साचून राहिले आणि मुळे कुजली. डोंगरउतारावरच्या खडकाळ, निचऱ्याच्या जमिनीत वाढणाऱ्या झाडाला मी चिखलात उभे केले होते, ही चूक माझीच.

दुसऱ्या वेळी मुरूम आणि जाड वाळू यांचा दीड हात उंचवटा केला, शेणखत जवळजवळ घातलेच नाही आणि पिशवीतला मातीचा गोळा न फोडता रोप लावले, कारण पाइनच्या मुळांना साथ देणारी बुरशी त्याच मातीतून येते. सुरुवातीला एकेकट्या निळसर सुया दिसल्या म्हणून रोप खोटे निघाले असे समजू नका; झुबके नंतर येतात. मोठ्या झाडाखाली गळालेल्या सुया राळेमुळे चटकन पेट घेतात, म्हणून घराच्या भिंतीला खेटून हे झाड लावू नये.

तरीही हिमालयातल्या झाडाला नागपुरात देशी म्हणणे मला पटत नाही. अंगणात एकच झाड मावत असेल आणि बारमाही हिरवेपण हवे असेल, तर आपल्या नाल्याकाठचे जांभूळ लावा. फक्त त्याखाली गाडी उभी करू नका. चीडच हवे असेल, तर पावसाळा ओसरल्यावर या, उंचवटा कसा रचला ते दाखवतो.