संक्रांत आली की औदुंबर आठवतं

आमचं गाव कृष्णाकाठचं, पलूस तालुक्यात, भिलवडीच्या अंगाला. पलीकडच्या काठावर औदुंबरचं दत्ताचं देऊळ अन अलीकडं भुवनेश्वरी, मधनं नदी. तर या औदुंबरला दरवर्षी संक्रांतीला सदानंद साहित्य मंडळाचं संमेलन भरतं, पार स्वातंत्र्याच्या आधीपासनं. कवी सुधांशु तिथलेच, त्यांनी ते आयुष्यभर सांभाळलं. पण मला सांगायचंय ते आमच्यासारख्या ऐकायला जाणाऱ्या लोकांबद्दल.

आबांचं शिक्षण चौथीपर्यंत, दिवसरात्र ऊस अन हळद, तरी संक्रांतीला ते दुसरं काही ऐकायचे नाहीत. भोगीदिवशी आई तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापायची, मळीच्या रानातली वांगी भरायची (कृष्णाकाठच्या वांग्याची चव दुसरीकडं नाही, हे मी कुणापुढंही सांगीन), त्यातल्याच दोन भाकरी सकाळी फडक्यात बांधून आम्ही निघायचो. नदीवर एवढं धुकं असायचं की नाव मध्यावर आली की दोन्ही काठ गायब, फक्त वल्ह्याचा आवाज अन लांब कुठंतरी देवळातली घंटा. आबा पांढरी टोपी नीट करत गप्प बसायचे. रात्रभर उसाला पाणी पाजून आलेले, पाय धुतलेले असले तरी नखांच्या कडंला काळी माती तशीच असायची, मला ती अजून दिसते.

मंडपात पुढं पाहुणे, साहित्यिक, अन मागं सतरंजीवर आमच्यासारखी माणसं, कुणी धारा काढून आलेलं, कुणी डेअरीला दूध घालून, कुणी उसाच्या फडातनं तसंच. तिकीट नाही पास नाही, यायचं अन बसायचं. सकाळी अध्यक्षांचं भाषण चालायचं, त्यातलं निम्मं मला कळायचं नाही, पण दुपारी कवितांना सुरुवात झाली की आबा पुढं सरकून बसायचे. एका वर्षी मधेच लाईट गेली अन माईक बंद पडला. वाचणारे कवी थांबले, आता काय करायचं म्हणून इकडं तिकडं बघाय लागले, तर मागची सगळी माणसं उठून जवळ आली अन स्टेजला लागून बसली, पोरं मांडीवर घेतली, मग त्यांनी तशीच मोठ्यानं कविता म्हटली अन एवढ्या माणसांत कुणी खोकलं पण नाही. माईकवरच्या बाकी सगळ्या कविता मी विसरलो, ती मात्र कानात आहे.

2005 च्या पावसाळ्यात पूर आला तेव्हा आमची हळद पाण्याखाली कुजली, उसाचे शेंडे सुद्धा दिसत नव्हते. पाणी उतरल्यावर रानात नुसता गाळ अन कुजका वास. 2019 ला त्याहून मोठा पूर आला, सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, पण मला जास्त लागला तो 2005 चाच, कारण आबांना तसं खचलेलं मी आधी कधी बघितलं नव्हतं. त्या संक्रांतीला आई म्हणाली, यंदा राहू दे की. आबा म्हणाले, "रान बुडालं म्हणून संक्रांत बुडती व्हय?" अन टोपी घालून निघाले. तिथं भेटंल त्याच्याशी पहिलं बोलणं पुराचंच, किती एकर गेलं, बेणं कुठनं आणलं, सोसायटीचं काय केलं, अन मग तिळगूळ हातावर. मंडपात बसल्यावर मात्र कुणी तो विषय काढला नाही.

संध्याकाळी परतताना नाव आमच्यासारख्यांनी भरलेली असायची. आता त्या पात्रात मगरी दिसतात, काठावर पाय सोडून बसायची भीती वाटती, तेव्हा आम्ही पोरं पाण्यात हात घालून यायचो. घरी आलं की आबा टोपी खुंटीला अडकवायचे, चहा घ्यायचे अन बॅटरी उचलून परत रानात, कारण शेतीपंपाची लाईट रात्रीचीच. मी अंगणातनं बघत बसायचो, उसाच्या कडंनं बॅटरीचा उजेड हळूहळू सरकायचा अन मोटारीच्या आवाजात आबांचा आवाज मिसळून यायचा, दुपारी ऐकलेल्या दोन ओळी, चालीवर, त्यांनीच लावलेल्या.