एक डोळा मिटणारी माणसं

बंदूक हातात आली की माणूस आधी डावा डोळा मिटतो. गिऱ्हाईक शाळकरी मुलगी असो वा निवृत्त साहेब, दुकानात शिरून रायफल उचलली की पुढच्या क्षणी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम. ही खोड जत्रेतली. तिथल्या बंदुकीची नळी मुळातच जराशी वाकडी. लाल फुग्यावर नेम धरला की छरा फळीत, शेजारच्या पिवळ्यावर धरला की लाल फुटायचा. डोळा मिटला काय नि उघडा ठेवला काय!

नेमबाजीत डोळा मिटून धरणं महागात पडतं. मिटलेल्या पापणीचा ताण उघड्या डोळ्यावरही येतो, आणि स्पर्धेत 60 फैरी असतात. म्हणून दुसरा डोळा उघडाच ठेवून त्याच्यापुढे 30 मिमी रुंदीपर्यंतची पट्टी लावतात. त्याआधी आपला खरा डोळा कोणता ते बघावं. हात लांब करून दोन्ही तळव्यांमध्ये छोटी फट करायची, तीतून दाराची कडी बघायची आणि एकेक डोळा मिटायचा. ज्या डोळ्याला कडी जागेवर दिसते, तो खरा. उजव्या हाताच्या माणसाचा तो डावा निघाला, तर रायफल घेण्याआधी प्रशिक्षकाला गाठावं.

4.5 मिमीपर्यंतची नळी आणि 20 ज्यूलच्या आतला जोर असलेल्या छऱ्याच्या बंदुकीला परवाना लागत नाही. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा न्यावा. 2024 मध्ये पॅरिसला स्वप्नील कुसाळेनं जिच्यावर ब्राँझ मिळवलं, ती 50 मीटरवरची .22 रायफल. ती वेगळी, तिला परवाना लागतोच. 10 मीटरची स्पर्धेची एअर रायफल जोराच्या बाबतीत अगदीच गरीब: अर्ध्या ग्रॅमचा छरा, सेकंदाला साधारण 170 मीटर, म्हणजे सव्वासात ज्यूल. किमतीत मात्र ती स्कूटरला मागे टाकते. त्यामुळे सुरुवातीला क्लबचीच रायफल वापरावी. हौसच असेल तर चांगल्या छऱ्यांचा एक डबा घ्यावा.

आणि रायफल घ्यायचीच ठरली, तर दुकानात दोन्ही डोळे मिटा. खांद्याला लावा, गाल टेकवा, श्वास सोडा, मग उघडा. साइट, म्हणजे नेम धरायचं कडं, समोर आली तर दस्ता आपल्या मापाचा. मान वाकवावी लागली तर गालपट्टी वरखाली करून बघा. तरीही जमेना तर ती रायफल दुसऱ्या कुणाची. ट्रिगर लगेच ओढू नका. स्प्रिंगची बंदूक छऱ्याविना उडवली की पिस्टनला समोरून हवेचा अडसर मिळत नाही, तो जाऊन आदळतो आणि वॉशर फाटतं. कॅलेंडरवाली मंडळी नेमकं हेच करतात.

रेंजवर लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. नवख्याला तो दिसत नाही, दिसण्याची गरजही नसते. काळं वर्तुळ पुढच्या साइटच्या कड्यात मधोमध बसवायचं, एवढंच. वर्तुळ हलत राहतं. ते थांबल्याक्षणी खटका दाबायची घाई झाली, की छरा सातात. निघताना हात साबणानं धुवायचे, कारण छरे शिशाचे.

स्पर्धेची जुनी रायफल स्वस्तात मिळत असेल, तर रंगरूप नंतर बघा. नळीखालच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आधी वाचा. आत 200 बार दाब असतो आणि नेम धरताना तो तोंडापासून हातभरावर येतो. कित्येक कंपन्या त्याची मुदत 10 वर्षं देतात. मुदत संपली असेल, तर त्या भावात नवा सिलिंडर मिळवून द्यायला सांगा, नाहीतर रायफल तिथंच ठेवा.