गिटइग्नोर पुस्तिका, तिसरा मसुदा: 'कुठे लागत नाही' हा रकाना

पुस्तिकेचा तिसरा मसुदा रविवारी हातावेगळा झाला. आधीच्या नोंदी ज्यांनी वाचल्या नसतील त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. गिट म्हणजे फाइलींमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारा प्रोग्रॅम. कोणत्या फाइलींकडे त्याने बघायचं नाही हे आपण .गिटइग्नोर फाइलीत लिहितो. त्या फाइलीच्या नियमांवर मी मराठीत पुस्तिका लिहिते आहे. मूळ मॅन पेज (गिटसोबत येणारं अधिकृत माहितीपान) अचूक आहे. पण त्यातल्या उदाहरणांत फू, बार, फ्रॉट्झ अशी नावं आहेत, आणि नियम कुठे लागू होतो हे जितकं सांगितलंय तितकं कुठे लागू होत नाही हे सांगितलेलं नाही. माणूस अडकतो तो नेमका तिथेच. रात्री अकरा वाजता कुणी गिटइग्नोरचं पान उघडतं ते त्याचा पॅटर्न (कोणती नावं वगळायची ते सांगणारी ओळ) चालत नसतो म्हणूनच.

म्हणून या मसुद्यात प्रत्येक नियमापुढे दुसरा रकाना घातला: 'कुठे लागत नाही'. आणि स्वतःला अट घातली की टर्मिनलवर करून बघितल्याशिवाय या रकान्यात एकही ओळ लिहायची नाही. प्रयोगाची रेपो (गिट सांभाळतं तो फोल्डर) म्हणजे माझ्या ट्रेकच्या नोंदींचीच नक्कल. त्यात किल्ले, दऱ्या, कच्चे, फेरी१, फेरी२ असे फोल्डर आहेत. नावं देवनागरीतच ठेवली, आणि सगळ्यात मोठी सापडणूक त्यामुळेच झाली. ती पुढे येते.

आधी स्लॅश. 'फोटो/' असं लिहिलं तर रेपोत कुठल्याही पातळीवर असलेला फोटो नावाचा फोल्डर वगळला जातो. '/फोटो/' लिहिलं तर फक्त गिटइग्नोर जिथे आहे त्याच पातळीवरचा. इथपर्यंत सगळ्यांना माहीत असतं. पण 'कच्चे/फोटो/' लिहिलं की सुरुवातीला स्लॅश नसतानाही पॅटर्न त्या पातळीला बांधला जातो, कारण मधे स्लॅश आला. 'किल्ले/कच्चे/फोटो' त्याला लागत नाही. तो हवा असेल तर पुढे दोन तारे आणि स्लॅश लावायचे: '**/कच्चे/फोटो/'. दोन ताऱ्यांची ही सोय मार्च २०१३ मध्ये गिट १.८.२ सोबत आली. त्याआधीच्या सल्ल्यांत ती सापडत नाही, आणि जुने सल्ले अजून सगळीकडे फिरत असतात.

उद्गारचिन्हाचं पान तीनदा लिहिलं. '!' लावून अपवाद करता येतो, पण वरचा फोल्डरच वगळलेला असेल तर आतल्या फाइलीचा अपवाद चालत नाही. मॅन पेज कारणही देतं: वेग राखण्यासाठी गिट वगळलेला फोल्डर उघडून बघतच नाही. माझ्या पहिल्या दोन मसुद्यांत मी नियम आधी आणि कारण नंतर लिहिलं होतं. आता उलट केलं. खोलीचं दारच उघडलं नाही तर आतल्या टेबलावरची चिठ्ठी वाचणार कोण, असं आधी सांगितलं की नियम पाठ करावा लागत नाही. त्याखाली चालणारं उदाहरण: 'कच्चे/' न लिहिता 'कच्चे/*' लिहा, आणि पुढच्या ओळीत '!कच्चे/नकाशा'. पहिल्या ओळीने फोल्डर नाही, फोल्डरातल्या वस्तू वगळल्या जातात. दार उघडं राहतं.

आधीपासून ट्रॅक असलेल्या (गिट ज्यांचा इतिहास ठेवतंय अशा) फाइलींना गिटइग्नोर हात लावत नाही, हे मूळ पानाच्या सुरुवातीलाच आहे. त्यावरचा 'गिट आरएम कॅश्ड' (फाइल ट्रॅकिंगमधून काढणारी कमांड) हा उपाय मात्र शेवटच्या टिपांत आहे. तो मी वर आणला, आणि शेजारी ठळक अक्षरांत एक इशारा घातला. या कमांडने तुमच्या मशीनवर फाइल शाबूत राहते, पण ते कमिट (नोंदवलेला बदल) दुसऱ्याने पुल केलं, म्हणजे आपल्याकडे ओढून घेतलं, की त्याच्याकडची फाइल काढून टाकली जाते. माझ्यासोबत नोंदी लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या सेटिंगची फाइल माझ्या अशाच एका कमिटने गेली होती. जुन्या कमिटमधून परत मिळाली, पण तिची संध्याकाळ त्यात गेली. पुस्तिकेत ही ओळ असायलाच हवी.

आता सापडणुकीकडे. फेरी१ ते फेरी९ हे फोल्डर वगळायला मी 'फेरी?/' लिहिलं. मॅन पेज म्हणतं की प्रश्नचिन्ह स्लॅश सोडून कुठल्याही एका कॅरेक्टरला लागतं. स्टेटस (गिटला दिसणाऱ्या फाइलींची यादी) बघितलं तर सगळे फोल्डर जागच्या जागी. 'फेरी*/' लिहिलं की गायब. म्हणजे गडबड प्रश्नचिन्हाचीच. दोन प्रश्नचिन्हं दिली, तरी नाही. तीन दिली आणि चाललं!

कारण कळायला गिटचा सोर्स उघडावा लागला. पॅटर्न जुळवणारी वाइल्डमॅच नावाची फाइल आहे, ती मजकूर बाइट-बाइट करून वाचते. सी भाषेतला कॅरेक्टर म्हणजे एक बाइट. इंग्रजी अंक एका बाइटचा, म्हणून तिथे हा फरक कधी दिसतच नाही. देवनागरी '१' यूटीएफ-८ या मजकूर साठवायच्या पद्धतीत तीन बाइटचा, म्हणून तीन प्रश्नचिन्हं. 'फे' तर फ आणि मात्रा मिळून सहा बाइटचा. चौकटी कंसाचंही तेच: 'फेरी[१-९]/' लागत नाही, कारण तो कंसही एकाच बाइटला जुळतो. रकान्यात आता असं लिहिलंय: 'प्रश्नचिन्ह म्हणजे एक बाइट. देवनागरी नावांत ते वापरू नका, तारा वापरा.' मूळ पान त्याच्या अर्थाने बरोबर आहे, पण मराठी वाचणारा 'कॅरेक्टर' म्हणजे अक्षर समजणार, आणि त्यात त्याची चूक नाही.

दुसरी सापडणूक 'दऱ्या' या फोल्डरची. सांदणच्या फेरीचे कच्चे फोटो त्यात आहेत, म्हणून गिटइग्नोरमध्ये 'दऱ्या/' अशी ओळ घातली. ती ओळ मैत्रिणीने मेसेजमध्ये पाठवली होती, मी फक्त चिकटवली. चालली नाही. स्पेलिंग शंभरदा पाहिलं. तारा नाही, प्रश्नचिन्ह नाही, स्लॅश बरोबर. चेक-इग्नोर ही कमांड (तीही १.८.२ मधलीच) तपशिलाचा स्विच लावून चालवली की कोणत्या फाइलीतली कितवी ओळ लागली ते सांगते. तिने काहीच सांगितलं नाही, म्हणजे कुठलीच ओळ लागत नव्हती.

मदतीला आली ती मी पहिल्याच दिवशी बंद केलेली सोय. गिट मुळात इंग्रजीबाहेरची नावं स्टेटसमध्ये अवतरणात घालून, उलट्या स्लॅशसह अष्टमान (आठच्या पायावरच्या) आकड्यांत बाइट दाखवतं. कोअर कोटपाथ हे सेटिंग फॉल्स केलं की नावं नीट दिसतात, म्हणून आपण सगळे ते करतो. मी ते तात्पुरतं परत ट्रू केलं आणि गिटइग्नोरमधली ओळही बाइटवार काढली. दोन्ही कागदावर एकाखाली एक मांडली:

फोल्डर: ३४० २४४ २४६, ३४० २४४ २६१, पुढे हलन्त, य, काना.
पॅटर्न: ३४० २४४ २४६, ३४० २४४ २६०, ३४० २४४ २७४, पुढे तेच.

पहिला गट द, दोन्हीकडे सारखा. दुसऱ्यावर फाटा फुटतो. माझ्या फोल्डरात 'ऱ' हे एकच अक्षर आहे. पॅटर्नमध्ये साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता अशी दोन. पडद्यावर दोन्ही हुबेहूब 'दऱ्या'. पण एक नाव १५ बाइटचं आणि दुसरं १८. आणि तिसराही प्रकार आहे: र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारा जोडक. तोही १८ बाइटचा आणि तोही पहिल्या दोघांशी जुळत नाही. दऱ्या, वाऱ्या, किनाऱ्या, पायऱ्या... मराठीत हा अर्धा र पावलोपावली आहे. ज्याची रेपो मराठी नावांची आहे त्याला हे आज ना उद्या भेटणारच.

उपाय म्हणून पुस्तिकेत इतकंच लिहिलंय: देवनागरी नाव गिटइग्नोरमध्ये हाताने टाइप करू नका, मेसेजमधून चिकटवू नका. टर्मिनलवर फोल्डरांची यादी काढा आणि तिथलंच नाव उचलून फाइलीत टाका. मग बाइट जुळलेच पाहिजेत.

चौथ्या मसुद्यात इन्फो फोल्डरातली एक्स्क्लूड फाइल आणि सगळ्या रेपोंसाठी एकच असलेली दुर्लक्ष-यादी ही प्रकरणं घेणार आहे. ती सोपी आहेत. प्रश्नचिन्हाबद्दलच्या मूळ इंग्रजी वाक्यात 'बाइट' हा शब्द यावा म्हणून एका ओळीचा पॅचही (बदलाचा प्रस्ताव) तयार केलाय, सोबत देवनागरी नावाची एक चाचणी. ती चाचणी अजून नीट बसलेली नाही.

तोवर एक मदत हवी आहे. इनस्क्रिप्टमध्ये 'ऱ'ची स्वतंत्र कळ आहे, तिथून काय निघतं ते मी पाहिलंय. फोनवरच्या आणि उच्चारावरून टाइप करायच्या कीबोर्डांचं मला बघायचं आहे. तुमच्या कीबोर्डवर 'दऱ्या' असा शब्द टाइप करून एका फाइलीत एकटाच ठेवा, पुढे-मागे स्पेस नको, एंटरही नको. मग बाइट मोजा आणि १५ आले की १८ ते कीबोर्डच्या नावासह कळवा. १८ आले तर तीन-तीन बाइटच्या गटांतला तिसरा गट २७४ने संपतो की २१५ने, तेही लिहा.