मांडलेलं पान

"काहीही असो, मांडलेल्या पानावरून उठू नये," आई म्हणाली.

माझ्या मोबाईलवर जुना फोटो होता. हनोईचं मेट्रोपोल हॉटेल, २८ फेब्रुवारी २०१९. जेवणाचं टेबल लावलेलं, खुर्च्या रिकाम्या. ट्रम्प आणि उत्तर कोरियाचा किम जोंग उन अण्वस्त्रांवर बोलायला भेटले आणि न जेवताच निघून गेले. सह्यांचा कार्यक्रमही रद्द.

समजावायला गेले. किमला निर्बंध उठवून हवे होते, बदल्यात योंगब्योनचं अणुकेंद्र मोडायची तयारी होती. अमेरिका म्हणे, तेवढ्यावर भागणार नाही.

"म्हणजे यादीवरच मोडलं."

अगदी! एवढं नेमकं मला सांगता आलं नसतं.

"आणि तो किम आला कशाने?"

"ट्रेनने. प्योंगयांगहून चीनमार्गे, साठेक तास."

"इतक्या लांबून येऊन जेवलासुद्धा नाही?"

आता यात २००८ कुठे घुसवू? तेव्हा याच योंगब्योनचा कूलिंग टॉवर कॅमेऱ्यांसमोर पाडला होता आणि वर्षाच्या आत, मे २००९ मध्ये, उत्तर कोरियाची दुसरी अणुचाचणी झाली. त्यामुळे समोरच्याला संशय येणारच. पण किमच्या जागी बसून पाहिलं, तर बाँब सोडल्यावर हातात राहतं काय?

आई मात्र अजून टेबलापाशीच. "मग त्या अन्नाचं काय केलं गं?"